बिनहळदीची नवरी

माझ्या धाकट्या बहिणीनं पुण्यातल्या दुकानात पदर पसरला आणि दुकानदाराला आमची जात कळली.

तोवर सगळं ठीक चाललं होतं. तोवर आम्ही 'बाई' होतो. या बाई, बसा बाई, काय दाखवू बाई. लढाईचे दिवस, गिऱ्हाईक कमी, त्यामुळं तो गोड बोलत होता. माझं लुगडं स्वच्छ, पायात चपला. मिरजेच्या एका दवाखान्यात मी आया होते. नर्सबाईंचं ऐकून ऐकून जीभ साफ झालेली. हौसा माझ्या मागं उभी. तिला मी आगगाडीतच बजावलं होतं, तू तोंड उघडू नकोस, मी बोलते. तोंड तिनं उघडलंच नाही.

दुकानदारानं फणेरपेटी काढली. शिसवी लाकडाची. झाकणाच्या आत आरसा बसवलेला, खाली कुंकू, मेण, फणी ठेवायला खण. शेजारी पावडरीचा डबा, स्नोची बाटली, केसांचे आकडे मांडले. मी म्हणाले, पेटी घेते, नवरीसाठी आहे. त्यानं कौतुकानं पेटी उचलून हौसापुढं धरली. आणि हौसा मागं सरली, वाकली, पदर पसरून उभी राहिली. वरनं टाका म्हणून.

तिची काय चूक? कराडजवळ कोयनेकाठी आमचं गाव. तिथं महारवाड्यातल्या बाईला वाणी असंच देतो. तो ओट्यावर, आम्ही खाली. मीठ असो, मिरची असो, वरनं पदरात. हाताला हात लागायला नको. हौसा चालायला लागली तेव्हापासून हेच करत आली. दुकान दिसलं की तिचा हात आपोआप पदराला जायचा.

दुकानदार पेटी धरून तसाच थांबला. मग विचारलं, 'गाव कुठलं?' मी सांगितलं. 'गावात राहता, का गावाबाहेर?' त्यानं ती पेटी फळीवरच आपल्या बाजूला ओढून ठेवली. कुठून तरी खालून दुसरी काढली. बिजागरी निखळलेली, आरसा मधोमध तडकलेला. फळीच्या कडेला सरकवली.

'ही न्या. तुमच्यात चालते. आणि ए, पायरीखाली उभ्या राहा.'

'बाई'ची 'ए' व्हायला एवढासा वेळ लागला. दुकानात एक जरीकाठाची बाई होती. तीही लुगडं आवरून भिंतीला लागली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तडकलेला आरसा. नवरीला. अहो, तुमच्या घरच्या नवरीच्या हातात द्याल का?

हौसा हळूच म्हणाली, 'आक्का, घे की. चालतंय मला.'

ह्या 'चालतंय'नं माझं डोकं फिरलं. आई आमची हौसा तान्ही असताना गेली. घरात आरसा म्हणजे भिंतीत लिंपलेला एक तुकडा. त्यात एका वेळी एकच डोळा दिसायचा. लग्न ठरल्यावर मी तिला विचारलं, काय पाहिजे तुला? तर म्हणाली, मला माझं तोंड सबंध बघायचंय. दागिना नको, लुगडं नको. म्हणून तर पुण्याला आणली. कराडात, मिरजेत ओळखणारं कुणी ना कुणी निघतं. पुण्यात कोण कुणाला ओळखतंय?

मी तिचा पसरलेला पदर ओढला आणि तिच्या कमरेला खोचला. घट्ट. मग फळीवरनं हात लांब करून ती चांगली पेटी उचलली. दुकानदार ओरडला, 'हात लावू नकोस.' लावला होता. झाकण उघडलं आणि हौसापुढं धरलं.

'बघ.'

ती बघंना. 'बघ म्हनतीया न्हवं.' मग बघितलं. आधी चोरून, मग नीट. गालावरनं बोट फिरवलं, हनुवटी वर केली.

'आक्का, आय अशीच दिसायची का गं?'

'व्हय. अशीच.'

दुकानदार हातवारे करत होता, शिव्या घालत होता. पण पेटी हिसकून घ्यायला पुढं येत नव्हता. येणार कसा? आम्हाला शिवावं लागलं असतं. त्याच्याच विटाळानं त्याला जागेवर बांधून घातलं होतं. मला हसू आलं. खरंच आलं. हौसाचं मन भरेपर्यंत मी आरसा धरून उभी राहिले. मग पेटी त्याच्यापुढं ठेवली.

'आता पूस. दिसभर पूस.'

काही न घेता आम्ही परत आलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी गावात हळद आणायची होती. नवरीनं जायचं नसतं, पण हौसा माझ्याबरोबर आली. वाणी ओट्यावरनं पुडा घेऊन वाकला. 'धर पदर.' हौसानं दोन्ही हात पुढं केले.

'आवं, हातात द्या. न्हाईतर ऱ्हाऊ द्या.'

वाणी हसला. ती हलली नाही. मग त्याचं हसू गेलं आणि पुडा परत आत गेला.

महारवाड्यात कालवा झाला. चुलता आमचा, बापाच्या जागी तोच, डोक्याला हात लावून बसला. 'बिनहळदीची नवरी कुनी बघितलीया? पावनं काय म्हनतील?' बायका रडायला लागल्या, अपशकून म्हणाल्या. मी म्हणाले, मी सांगलीला जाते, हळदीची पेठच ती, सकाळच्या आत आणते. हौसा म्हणाली, 'न्हाई आक्का. तिथनं आनलीस तर ह्यो म्हनंल, जिरली. लावायचीच न्हाई.'

ज्या पोरीला पुण्यात तडकलेला आरसा चालत होता, तीच ही. मी तिच्या बाजूला जाऊन बसले आणि चुलत्याला सांगितलं, ती म्हणते तसंच होईल.

ती तशीच मांडवात उभी राहिली. तोंडाला पावडर नाही, अंगाला हळद नाही. नवरीनं मान खाली घालायची असते. तिनं घातली नाही. पाहुणे कुजबुजले, नवऱ्याची आई रुसून बसली. अक्षता पडायच्या त्या पडल्याच.

मला आता पोरगी झाली आहे. वाणी अजून त्याच ओट्यावर आहे, पुडा अजून वरनंच टाकतो. तिच्या लग्नात हळद हातात मिळाली तर लावू. नाही मिळाली, तर माझी पोरगीही बिनहळदीची उभी राहील.