लाँग टाइम नो सी अन् माही वऱ्हाडी

मैत्रिणींनो, आज नांदुऱ्याच्या इंग्रजी क्लासात सरांनी फळ्यावर 'लाँग टाइम नो सी' लिहिलं. म्हणाले, "यात व्याकरण शोधू नका, लोक असंच बोलतात. अर्थ कोण सांगेल?"

मी उठून सांगितलं, "लय दिसानं दिसली वं माय."

सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "ताई, शुद्ध मराठीत सांगा."

मले रागच आला. म्हटलं, "सर, इंग्रजीत व्याकरण शोधायचं नाही, मंग माह्या वऱ्हाडीत काऊन शोधून राह्यले?"

मी फळ्यापाशी गेली अन् इंग्रजीच्या खाली माहं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून आली.

जुनी मैत्रीण भेटली तं तुम्ही काय म्हणता? खाली लिहा. शुद्ध करू नका.