तीन दिवसांचा थोरला

पहाटेपासून बर्फ वितळत होतं आणि गावाच्या गल्लीत घोटाभर राड झाली होती. ग्रोझ्दान चर्चच्या शेगडीतली राख बादलीत भरत होता. तीस वर्षं हेच चाललेलं: राख काढायची, लाकडं रचायची, घंटा वाजवायची. देवाच्या घरात ऊब आपल्यामुळे, तेव्हा देव आपल्यावर खूष असणारच, असं तो मनोमन धरून चालायचा.

पाद्री मेतोदी बूट आपटत आत आले. "मिन्कोकडे गेलास का रे?"

"आज क्षमेचा रविवार, पाद्रीबाबा. धाकट्यानं थोरल्याकडे जाऊन, त्याच्या हाताचं चुंबन घेऊन क्षमा मागायची असते. मी थोरला. येईल तोच."

"तो म्हणतो, थोरला तो."

"तो काय, तोंडातले दात स्वतःचे आहेत असंही म्हणायचा!"

दातांवरच तर सगळं बिनसलं होतं. ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आदल्या, म्हणजे याच रविवारच्या संध्याकाळी घरोघर आढ्याला दोरा बांधून हलव्याचा खडा टांगतात, गरगर फिरवतात, आणि भोवती बसलेल्यांनी हात पाठीशी ठेवून तो तोंडानं पकडायचा. गेल्या वर्षी शेजारच्या मिन्कोनं पकडला खरा, पण चिकट हलवा परत निघाला तो त्याची कवळी घेऊनच. कवळी सगळ्यांच्या नाकासमोरून हसत हसत फेरी मारून आली. ग्रोझ्दान हसून हसून खुर्चीवरून खाली पडला. तेवढ्यावर भागलं असतं, पण या पठ्ठ्यानं पुढं वर्षभर गुत्त्यात चमच्याला दोरा बांधून ती नक्कल करून दाखवली. मिन्कोनं आधी गुत्ता सोडला, मग बोलणं सोडलं.

"सूर्य बुडायच्या आत जा," पाद्री म्हणाले. "नाही तर ईस्टरची घंटा या वर्षी दुसरा कुणी वाजवेल."

ग्रोझ्दानच्या हातातली बादली सुटली. राख फरशीभर झाली. ईस्टरची घंटा! तिचा दोर दुसऱ्याच्या हातात?

पाद्री गेले तसं त्यानं कपाटातून बाप्तिस्म्याची जुनी वही काढली, थुंकी लावून पानं उलटली, आणि राख तशीच टाकून, वही बगलेत मारून घराकडे पळत सुटला.

"त्सोना! अगं, मी गुरुवारचा नि तो रविवारचा! तीन दिवसांनी थोरला आहे मी!"

त्याची बायको त्सोना बनित्साच्या पातळ पोळीच्या घड्यांत चीज भरत होती. तिनं मानही वर केली नाही. "बरं झालं. आता ईस्टरला दोराऐवजी ती वहीच ओढत बस."

"रीत म्हणजे रीत!"

"वर्षभर चमचा कुणी नाचवला रे म्हाताऱ्या? तीन दिवसांच्या थोरल्यानंच ना? देवानं सांगितलं, जा आणि समेट कर. वय विचारून जा, असं नाही सांगितलं."

ग्रोझ्दान दारात उभा राहिला. कान खाजवला. मग टोपी चढवून निघाला.

मिन्कोच्या अंगणात पाशा होता. पाशा म्हणजे हंस, पण पाखराच्या पोटी जन्मलेला फौजदार. त्यानं ग्रोझ्दानला फाटकापासून ओट्यापर्यंत मागून चिमटे काढत पोचवलं. ओट्यावर मिन्को ठेवणीतला कोट घालून बसलेला, उजवा हात गुडघ्यावर, चुंबनासाठी तयार.

"मिन्को, क्षमा कर मला."

"काय? ऐकू नाही आलं."

"क्षमा कर!"

"अजून मोठ्यानं. वरच्या आळीला पण कळू दे. माझी कवळी तिथपर्यंत पोचवलीस ना?"

कुंपणांवरून बायकांची डोकी वर आली. ग्रोझ्दाननं डोळे मिटून बोंब ठोकली, "क्षमा कर रे बाबा! चुकलं माझं!" पाशानं तिला साथ दिली. मग ग्रोझ्दान मिन्कोच्या हातावर वाकला. 'तीन दिवस' हे शब्द जिभेच्या टोकावर आले होते. त्यानं ते गिळले आणि हाताचं चुंबन घेतलं. हाताला कांद्याचा वास होता.

"असं कोरडं नाही चालायचं," मिन्को म्हणाला. "आत चल."

आढ्याला हलवा टांगलेलाच होता. "बस. हात मागं."

पहिल्या फेरीत हलवा नाकाला लागला, दुसऱ्या फेरीत कानाला. तिसऱ्यांदा ग्रोझ्दाननं आपल्या शिल्लक राहिलेल्या एकुलत्या पुढच्या दातानं तो धरला. कट्ट! हलवा परत निघाला, दात घेऊन.

मिन्कोच्या मिशा थरथरल्या. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पण हसू काही आवरेना, आणि अखेर कवळी खळकन मांडीवर पडली.

"देव क्षमा करो," तो बोळक्या तोंडानं म्हणाला, "आणि मी पण केली, गाढवा! आता चमच्याला दोरा मी बांधू का?"

"बांध. नक्कल करायला मीच येतो गुत्त्यात."

दिवस कलता कलता तो चर्चमध्ये परतला. पाद्री दारातच होते.

"गेलास?"

"गेलो," ग्रोझ्दान म्हणाला, आणि पडलेल्या दाताच्या फटीतून शीळ वाजली.

"वही बघितलीस म्हणे. कोण निघाला थोरला?"

"वही कपाटात ठेवतो, पाद्रीबाबा. कुलूप लावून."

पाद्रींनी वर घंटेकडे बघितलं. "ईस्टरच्या आधी दोर तपासून ठेव. वरच्या गाठीशी झिजलाय."

ग्रोझ्दाननं मान हलवली, बादली उचलली आणि खराटा घेऊन सकाळची राख गोळा करायला बसला.