गोणीला वारा कळत नाही

तापीकाठी तो दर रविवारी दिसायचा. कापडाच्या लूमवर कामाला, माझ्यासारखाच खानदेशातून इथे आलेला. भंगारातून आणलेली शर्यतीची दोघांची शिडाची होडी त्याने स्वतः दुरुस्त केली होती. ती इतकी हलकी, की वाऱ्यात एकाने बाहेर झुकलं नाही तर आडवीच व्हायची. जोडीदार कायमचा गावी गेला, तेव्हा त्याने जोडीदाराच्या वजनाइतकी वाळू गोणीत भरून होडीत ठेवली. होडी दर रविवारी उलटू लागली.

"वजन बरोबर आहे, भाऊ," ओला शर्ट पिळत तो मला म्हणाला. "पण वारा फिरला की गोणी आपणहून दुसऱ्या बाजूला जात नाही."

मला पोहता येत नाही, हे मी लगेच सांगितलं.

"वजन किती तुमचं?"

"बासष्ट."

त्याने गोणी काठावर रिकामी केली.