चुलीवरचा तवा

समस्त जनतेस कळविण्यात अत्यंत हर्ष होतो की, वयाच्या बावन्नाव्या वर्षी बायकोशी पैज लावून डोंगरावरची मुक्कामाची झोपडी मी तिच्याआधी गाठली. विजयी वीराने उंबऱ्यावर टेकून सॅक उघडली, तर दोघांच्याही पाण्याच्या बाटल्या आतच! खाली पायवाट धुक्यात बुडालेली. हाका मारल्या, उत्तर नाही.

भाकऱ्या झाल्या तरी झोपडीतल्या ठकूमावशींनी तवा चुलीवरच ठेवला. म्हणाल्या, "वाटंवरचं माणूस आत आल्याबिगर तवा उतरवायचा न्हाई."

रिकामा तवा तापत राहिला. आयुष्यभर मी असाच पुढे पळत आलो की काय, तिच्या वाटचं पाणी पाठीवर घेऊन?

अखेर धुक्यातून सुधाच्या काठीचा आवाज आला. विजयाचं भाषण तयार होतं, तोंडून निघालं,

"सुधा, पैज मी हरलो गं!"