उपरण्याखालचा हात

पिंपळावर कोण दिसलं आणि विहिरीतून कोणी हाक मारली, असल्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी माझ्या ओट्यावर बसू देत नाही. या मासिकात असे अनुभव छापून येतात तेव्हा मी ती पानं चिडून उलटतो. आणि आज मीच लिहायला बसलो आहे... कारण कारंज्यात माझ्या नावानं जी गोष्ट फिरते आहे ती खोटी आहे. लोक म्हणतात, शेठनं सहलीचा खर्च वाचवायला भूत उभं केलं. ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. तेव्हा जे झालं ते, जसं झालं तसं सांगतो. मग काय म्हणायचं ते म्हणा.

मी कापसाचा दलाल. कामरगावाहून डोक्यावर गाठोडं घेऊन कारंज्याला आलो, दुसऱ्याच्या कापसाच्या गंजीवर झोपलो, आणि आज माझ्या दारात मोटार उभी आहे. कोणी दिली नाही, मी मिळवली. ही मोटारच सगळ्या भानगडीचं मूळ.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. अमरावतीच्या एका वकिलाकडून मी ही उघड्या टपाची जुनी मोटार घेतली. ती दारात येऊन थांबली आणि आमच्या घरातून — म्हणजे माझ्या बायकोकडून — मागणी आली. लग्नानंतर तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, लुगडंसुद्धा मीच आणलं ते नेसली. ती म्हणाली, "मले समिंदर पाहाचा हाये. कमळी सासरी जायच्या आंदी, तिच्यासंगं."

कमळा आमची एकुलती एक लेक. तिचं लग्न झालेलं, सासर मोगलाईत, जिंतूरला. अक्षय्यतृतीयेला तिला न्यायला येणार होते, आणि ती माणसं अशी की एकदा नेली की सणाला पाठवतानाही दहा सबबी सांगतील. माझ्या बायकोनं जन्मात ऋषी तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. समुद्राचं तिच्या डोक्यात कोणी भरवलं? तिच्या भावानं. मोतीलालनं. हा माझा साळा अमरावतीला कॉलेजात चार बुकं शिकून आलेला, कामधंदा काही नाही, पण नकाशावर पेन्सिलीनं रेघ ओढण्यात पटाईत.

त्यानं रेघ ओढली. मंगरूळपीर, मालेगाव, मेहकर, जालना, औरंगाबाद, नगर, पुणे, मग घाट उतरून कोकण, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं काही दिवस. मी म्हटलं, राहायचं कुठं? आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, परक्याच्या चुलीवरचं चालत नाही. मोतीलाल म्हणाला, त्यात काय भाऊजी, तंबू घेऊ. वाळूत ठोकू, आपली चूल आपण मांडू, साहेब लोक तसंच करतात, त्याला कँपिंग म्हणतात. मी म्हटलं, त्याला आमच्याकडे बेघर होणं म्हणतात.

पण बायकोनं ऐकलं आणि ती तयारीला लागली. काय सांगू तो वैताग. मोटारीत माणसं चार आणि सामान बैलबंडीभर. तांब्याची घागर हवी, गाळणी हवीत, पाटा-वरवंटासुद्धा हवा. मी म्हटलं, पाटा कशाला, वाळूत दगड नसतात का? तर म्हणे, "खारे दगड असतीन, चटनी खारी होईन." मोतीलालला ग्रामोफोन हवा. कमळाला काही नको, ती नुसती आईकडे पाहून हसायची. शिवाय रोज मुक्काम दिवस मावळायच्या आत गाठायचा, म्हणजे निघायचं केव्हा, स्वयंपाक केव्हा, यावर रोज ओट्यावर भांडण. एकदा मोतीलाल म्हणाला, भरती पाहून तंबू ठोकावा लागतो, समुद्राचं पाणी दिवसातून चढतं आणि उतरतं. मी विचारलं, कोण ओढतं त्याला? चंद्र, म्हणे. मी उठून बाजारात गेलो.

तरी मी तंबू घ्यायला तयार झालो, हे लक्षात ठेवा. लोक हे विसरतात.

तंबू उस्मानभाईकडे. बाजाराच्या मागे त्याचं दुकान. लग्नाचे मांडव, जत्रेच्या राहुट्या तो शिवतो, भाड्यानं देतो. माझी त्याची ओळख जुनी, दोघांनी शून्यातून धंदा उभा केलेला, त्यामुळे एकमेकांना फसवण्याची बरोबरीची हौस. त्याच्याकडे एक पलटणीचा तंबू होता. महूच्या छावणीतलं जुनं सामान विकायला निघालं होतं, त्यातून आणलेला. मी मुद्दाम विचारलं होतं, कधी पाण्याबिण्यात भिजून कुजलेला तर नाही? तो म्हणाला, "सेठजी, ये तंबूनं पाऊस बी धड नाही पाह्यला."

भर दुपारची वेळ, फाल्गुनातलं ऊन. दुकानात बाजारातले तीन-चार लोक सावलीला टेकलेले. आता त्यांच्यासमोर तोंडानं भाव करणं म्हणजे उद्या साऱ्या बाजारात बोभाटा — शेठ तंबू घेऊन राह्यला, कायले घेऊन राह्यला. म्हणून आम्ही बसलो बाजारात बसतो तसे, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा भिडवून, आणि मी माझं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं.

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कापसाचा मोठा सौदा तोंडानं होत नाही. कापडाखाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. किती बोटं, कोणती पेरं, त्यावर भाव. पाहणाऱ्याला काही कळत नाही. पटलं तर समोरचा पंजा उघडून हातात देतो. मूठ मिटली तर सौदा मोडला. आणि मोडलेला सौदा त्या हंगामात पुन्हा काढायचा नाही, कोणाच्या मध्यस्थीनं नाही, तोट्याच्या भीतीनं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण तो ज्यानं मोडला त्याच्या हातावर नंतर कोणी कापड टाकत नाही. माझं सगळं नाव या एका नियमावर उभं आहे.

मी हात घातला. हात लागला. ओला होता.

मला वाटलं, हा मघाशी सुतळी भिजवत होता, हात पुसायची अक्कल नाही. मी बोटं धरून भाव सांगितला. मूठ मिटली. ठीक आहे, उस्मानभाईची ही खोड आहे, आधी नाही म्हणायचं, त्याची मूठ आम्ही जमेस धरत नाही. मी चढलो. पुन्हा मूठ. मी आणखी चढलो. समोर उस्मानभाई माझ्याकडे असा पाहत होता जसा काही मीच अडून बसलो आहे. माझं टाळकं सरकलं. समोरचा बोट हलवत नाही आणि मी चढतच चाललो, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मी ती मूठ धरली आणि उघडायला लागलो.

आणि तेव्हा मला ती नीट कळली. दलालाला हात कळतात. बाजारातला कोणताही हात मी डोळे मिटून ओळखीन. उस्मानभाईचा अंगठा दाभणानं दगडासारखा झालेला, पंजा जाड, रुंद. हा हात लहान होता. बोटं बारीक, आणि फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी सुरकुतते तशी सुरकुतलेली. फाल्गुनातल्या त्या दुपारी तो इतका गार होता की माझी पेरं दुखायला लागली. मी जोर केला. ती मूठ उघडली नाही.

मी ओरडलो, "द्याचा नसन तं तोंडानं सांगा ना, उस्मानभाई. हा काय पोरखेळ लावला?"

तो शांतपणे म्हणाला, "सेठजी, म्या तं कवाचा हात घालून बसलो. तुमचाच हात सापडून नाही राह्यला."

मी उपरणं खेचलं. त्याचा हात त्याच्या गुडघ्यापाशी, कोरडा, पंजा वर करून वाट पाहत असलेला. माझा हात माझ्या गुडघ्यापाशी, नखापासून मनगटापर्यंत ओला. मधे वीतभर जागा, आणि तिथं काही नाही. उपरण्याचा मधला भाग पिळून काढावा इतका भिजलेला. माझ्या तळव्याला रेती चिकटली होती. आपल्या अडाण नदीसारखी जाडीभरडी नाही, रव्यासारखी बारीक.

बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, भाव ऐकून शेठला घाम फुटला. सगळे हसले. उस्मानभाई हसला नाही. त्यानं उपरण्याला बोट लावून जिभेवर ठेवलं आणि म्हणाला, "खारं हाये." आता घामही खारा असतो, मला माहीत आहे. अकोल्याकडच्या विहिरींचं पाणीही खारं असतं, तेही माहीत आहे. पण आमच्या कारंज्याचं पाणी गोडं, आणि उस्मानभाईचा माठ त्याच्या मागे झाकलेला होता. मी रागारागानं तिथंच हात धुऊन टाकला. रेती गेली. पुरावा गेला म्हणा.

उस्मानभाईनं मग स्वतःहून भाव उतरवला. म्हणाला, घेऊन जा, पैसे मागाहून द्या, मला ही वस्तू आता दुकानात नकोच. मी घेतला नाही. घरी आलो आणि सांगितलं, जाणं रद्द.

यावर मोतीलालनं जे केलं ते मी विसरणार नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊजी, भुतानं दलाली किती मांगतली?" मी म्हटलं, भुताला मी मानत नाही. मोडलेल्या सौद्याला मानतो. कापडाखाली आपण चेहरा विचारत नाही, हात काय म्हणतो ते पाळतो. मी भाव सांगितला, चढलो, वाजवीपेक्षा चढलो, आणि मूठ मिटली. कोणाची, हे विचारायचा रिवाज नाही. तो म्हणाला, तंबू सोडा, धर्मशाळेत राहू. मी म्हटलं, सौदा तंबूचा नव्हता, जाण्याचा होता, हे तुझ्यासारख्या बिनधंद्याच्या माणसाला कळणार नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते नीट कळलेलं नव्हतं. पण मी ते बोललो आणि बोललो ते पाळलं.

बायकोनं तयारीतली घागर उचलून आत नेली. अक्षय्यतृतीयेला जिंतूरची माणसं आली, कमळा गेली. दिवाळीलाही त्यांनी तिला पाठवली नाही.

त्या दिवाळीत मोतीलाल माझीच मोटार मागून, दोन मित्र घेऊन, उस्मानभाईचा तोच तंबू घेऊन त्याच रेघेनं कोकणात गेला. बहिणीला म्हणाला, चल. ती म्हणाली, कमळीबिगर नाही. मी रोज वाट पाहत होतो — वाईट व्हावं अशी नाही, पण काहीतरी व्हावं. एखादं चाक निखळावं, वाऱ्यानं तंबू उडावा. काही नाही. चांगला काळाठिक्कर आणि गुटगुटीत होऊन परत आला, खिशात शिंपले, आणि माझ्या मोटारीचे पत्रे गंजवून. तेव्हापासून तो ही गोष्ट चारचौघांत सांगतो. शेठचं भूत, शेठची कंजुषी. आता लढाईमुळे पेट्रोलला कुपनं लागतात, मोटार दारातच उभी आहे, आणि गोष्ट मात्र बिनपेट्रोलची फिरते आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे पाहुणे होते. जेवणं झाली, ऊन अजून ओसरीवर होतं, आणि मोतीलालनं पुन्हा सुरू केलं. हात कसा ओला, शेठ कसा ओरडला, नक्कल करून. पाहुणे हसून हसून बेजार. मी उठणारच होतो, तेवढ्यात बायको दारात आली. इतक्या वर्षांत या विषयावर तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती भावाला म्हणाली, "काहून खोटं पाडतं रे त्याईले? थे भावात खोटं बोलतीन, घरी येऊन नाही बोलत. हात होता म्हंतात तं हात होता."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. इतकी वर्षं एकटा भांडत होतो आणि घरातच साक्षीदार निघाला. मी पाहुण्यांकडे पाहिलं, ऐका म्हणून.

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "समिंदराची हौस मले होती. तुमाले त्याचं नाव बी नोको होतं. अन् कारंज्यात बसल्या बसल्या त्याले हात लावून तुमी आले. अन् धुऊन टाकला."

आणि आत गेली.

तो हात कोणाचा, तो पाण्याविना ओला कसा, आणि सगळ्या दुनियेतून मलाच का अडवलं, याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. उस्मानभाईला विचारलं तर तो आकाशाकडे बोट दाखवतो, मोतीलालला विचारलं तर हसतो. वाचकांपैकी कोणाला कळलं तर मला जरूर कळवावं. बायकोला काय उत्तर द्यायचं, ते मात्र कोणी कळवू नये. ते मी शोधतो आहे.