तोकुजीच्या होडीवरचा फोन

हिसानोनं एकतीस वर्षं कोमाउरा बंदरातल्या मच्छीमार सोसायटीच्या रेडिओ खोलीत काढली. निवृत्त झाली तरी सवय सुटली नाही. स्वयंपाकघरात भाताच्या कुकरशेजारी तिनं होड्यांचं बोलणं पकडणारा स्कॅनर ठेवला होता. तो दिवसभर व्हीएचएफचे चॅनेल एकेक करून चाचपायचा आणि आवाज लागला की थांबायचा. कोणती होडी बोलतेय हे तिला नाव सांगायच्या आधीच कळायचं. कुणाच्या खोकल्यावरून, कुणाच्या इंजिनावरून.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी तो भलत्याच ठिकाणी थांबला. ज्या चॅनेलवर वर्षानुवर्षं चिटपाखरू फिरकलं नव्हतं, तिथं एक पुरुष गुणगुणत होता. मागं इंजिनाची घरघर. कुणाचं तरी बटण दाबलेलं राहिलंय, हे तिनं ओळखलं. माइकवर काहीतरी पडतं आणि त्या माणसाला पत्ताच नसतो. "कोण हा रेकतोय," असं पुटपुटत तिनं आवाज बारीक केला आणि ती मुळा चिरायला बसली.

तासाभरानं तिनं आवाज पुन्हा मोठा केला. इंजिन तसंच चालू होतं, पण गुणगुणणं नव्हतं. समुद्रपक्षी ओरडत होते, पाणी होडीच्या कुशीवर आपटत होतं. तिनं कान देऊन ऐकलं. दोर ओढायचं चाक फिरत नव्हतं, बुटांचा आवाज नव्हता.

तिनं रेडिओ खोलीत फोन लावला. "सुगावारा, त्या रिकाम्या चॅनेलवर कुणाचं तरी बटण दाबलेलं राहिलंय. आज एकटे कोण कोण गेलेत?"

"ऑक्टोपसवाले तिघं. पण हिसानोसान, त्या चॅनेलवर आपलं कुणीच नसतं. रशियाचं काहीतरी पकडलं असेल तुमच्या डब्यानं."

"रशियाचं डोंबल! हाक मार तिघांना."

दोघांनी ओ दिली. तिसरा तोकुजी. त्याचा सेट गप्प होता. पण तो जुना सेट आठवड्यातून चारदा गप्पच असायचा, म्हणून सुगावारा निवांत होता.

हिसानोनं तोकुजीच्या घरी फोन केला. त्याच्या बायकोनं उचलला. "मित्सुए, तुझ्या मोबाइलवरून तोकुजीसानना फोन लाव. हा ठेवू नकोस."

"का हो? काय झालं?"

"लाव तर खरं."

थोडा वेळ गेला. मग स्कॅनरमधून बेडकांचं डरावडराव सुरू झालं.

"अगंबाई, हा तर ह्यांचाच फोन!" मित्सुए म्हणाली. "लेकीनं गंमत म्हणून लावून दिलाय तो आवाज. तुमच्याकडं कसा वाजतोय?"

हिसानोनं स्कॅनरचा आवाज आणखी मोठा केला. बेडूक ओरडत राहिले. कुणी फोन उचलला नाही.

हिसानोनं सुगावाराला कळवलं, होड्या निघाल्या. अंधार पडायच्या आत तोकुजीची होडी भूशिराजवळ सापडली. स्कॅनरवर हिसानोला फळ्यांवर उतरणारे बूट ऐकू आले, मग सुगावाराच्या भावाचा आवाज, "नाहीत इथं." कुणीतरी माइकवरचा रेनकोट उचलला आणि सगळं बंद झालं. तोकुजीनं जुना सेट टाकून दुसरा सेट घेतला होता, तो त्या रिकाम्या चॅनेलवरच लागलेला होता. घरी बोलला नव्हता.

नवव्या दिवशी तोकुजीचा देह साल्मनच्या जाळ्यात सापडला.

मृत्यूनंतरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मित्सुए मोचीचा, तांदळाच्या गोड गोळ्यांचा डबा घेऊन आभार मानायला आली. चहाच्या पेल्यावरचं झाकण तिनं काढलंच नाही.

"शेवटी काही बोलले का ते?"

खोटं बोलणं सोपं होतं. हिसानो म्हणाली, "बोलले नाहीत. गुणगुणत होते. मला त्रास वाटला, मी आवाज बारीक केला."

"घरात कधी नाही गुणगुणले." मित्सुए चटईकडं बघत राहिली. "किती वेळ?"

"माहीत नाही गं. मी ऐकत नव्हते."

मित्सुएनं वाकून नमस्कार केला आणि ती उठली. पुढं सोसायटीच्या दुकानात दोघी भेटायच्या, थंडीबद्दल दोन शब्द बोलायच्या. बर्फ वितळल्यावर मित्सुए घर विकून लेकीकडं साप्पोरोला गेली. हिसानोला ते महिन्यानं कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.