विणकराच्या जागेवर सेंटर फॉरवर्ड

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधी मी बेळगावच्या कॉलेजात फुटबॉलचा गोलकीपर होतो. हे सांगताना आजही छाती थोडी फुगते, पण खरं सांगायचं तर ती जागा मला उंचीमुळे आणि आळसामुळे मिळाली होती. खानापूरकडच्या आमच्या गावात भाताच्या चिखलातून धावणं लहानपणीच पुरे झालं होतं. एका जागी उभं राहूनही कौतुक होतं, असा खेळ सापडल्यावर मी तो सोडतो कसला.

खरा खेळाडू आमचा सेंटर फॉरवर्ड. तो शहापूरचा, विणकराच्या घरातला, माझा जिवाभावाचा दोस्त. अनवाणी खेळायचा. बूट घातले की आपले पाय कुणाला तरी उसने दिल्यासारखं वाटतं, म्हणायचा. समोरचा गडी डावीकडे झेपावेपर्यंत हा बॉल घेऊन उजवीकडून निघून गेलेला असायचा. पुण्याच्या एका कॉलेजला हरवलं तेव्हा त्या पोरांनी सामना संपल्यावर त्याला खाली बसवून त्याचे तळवे उलटे करून पाहिले होते.

त्याच्या वडिलांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची, मीही म्हणायचो. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. त्यामुळे कॉलेज सुटलं की सायकलवर टांग टाकून आम्ही पाच मिनिटांत इंग्रजांच्या राज्यातून राजेसाहेबांच्या राज्यात जायचो. घरात मात्र राज्य आप्पांचं. पुढच्या खोलीत खड्ड्याचे दोन माग होते. खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडून पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. दोस्त आठव्या वर्षापासून त्या खड्ड्यात उतरलेला.

आप्पांना जगात एकच वैरी होता, तो म्हणजे गिरणी. मुंबईच्या गिरणीचं कापड बेळगावच्या खडेबाजारात स्वस्त मिळायला लागलं आणि शहापूरच्या लुगड्याचं गिऱ्हाईक आटलं. गिरणीचं धोतर नेसून कुणी दारात आला तर आप्पा चहा पाजल्याशिवाय सोडत नसत, आणि धोतराला शिव्या घातल्याशिवायही सोडत नसत.

अशा घरात एके दिवशी मुंबईच्या गिरणीचं पत्र आलं.

गिरण्यांच्या त्या वेळी फुटबॉलच्या टीम असायच्या, आणि चांगला खेळणारा पोरगा दिसला की त्याला गिरणीत नोकरी देऊन टीममध्ये ओढायचे. पुण्याच्या सामन्यात कुणीतरी दोस्ताला हेरलं होतं. पत्र इंग्रजीत. आप्पांनी ते मला वाचायला लावलं. मी जसंच्या तसं मराठी करून सांगितलं, की विणकर खात्यात विणकराची जागा आहे, पगार विणकराचा, महिन्याभरानं आमचे हेडक्लार्क बेळगावात येतील आणि स्वतः बघून जागा पक्की करतील. काय बघून, ते पत्रात लिहिलंच नव्हतं. त्यांना वाटलं असेल, त्यात लिहायचं काय!

मला वाटलं, आता पत्राची होळी होणार. पण आप्पा मांडीवर थाप मारून उठले.

"बघितलंस काय रं? आमच्या पोटावर पाय दिल्याली गिरणी, आता तिलाच शहापूरचा विणकर लागतोय! अडलं न्हवं घोडं?"

आक्का, म्हणजे दोस्ताची थोरली बहीण, गूळ घेऊन बाहेर आली. दोस्तानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बॉलला लाथ मारण्याबद्दल कुणी पगार देतं, हे आप्पांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आणि ते सांगायचं धाडस आम्हा दोघांतही नव्हतं. आम्ही गूळ खाल्ला आणि गप्प बसलो. ही आमची लबाडी. आजही तिची लाज वाटते आणि हसूही येतं.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी पोराची तयारी सुरू केली. कॉलेज सुटलं की खड्ड्यात! साहेब बघायला येणार, तर एक असं लुगडं विणायचं की काठावर बोट फिरवून त्यानं तेच तोंडात घालावं. मैदानावर जायला सक्त मनाई.

"पाय लचकला तर पावडी काय तुझा दोस्त दाबणार हाय व्हय?" असं म्हणून ते माझ्याकडे बघायचे.

एकीकडे पलटणीच्या टीमशी सामना ठरलेला. हेडक्लार्क तोच बघणार, असं कॉलेजात कळलं होतं. आमचा हुकमी गडी लुगड्याच्या पदरात अडकून पडलेला. मग मी अभ्यासाला म्हणून त्याला पहाटे उठवून न्यायचो आणि शेतातल्या बांधाआड आम्ही बॉल तुडवायचो. माझ्या काखेत इतिहासाचं जाडजूड पुस्तक असायचं. त्या महिन्यात ते उघडलं नाही. परीक्षेत इतिहासानं त्याचा सूड घेतला.

सामन्याच्या दिवशी कॅम्पातल्या मैदानावर गोरे सोल्जर बूट आपटत उतरले. आम्ही अकरा जण, त्यात सात अनवाणी. मी गोलात जाऊन उभा राहिलो आणि मागून हाक आली, "हिकडं हाय मी."

वळून पाहतो तर आप्पा! डोक्याला नवा पटका, बगलेत गाठोडं. साहेब मैदानावर भेटणार एवढं कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. ओळखीचा माणूस मी एकटाच, म्हणून ते माझ्या गोलामागे फतकल मारून बसले.

"सायेब कुठला त्यो?"

"त्यो काळा कोटवाला. आप्पा, जरा गप्प बसा, खेळ सुरू झालाय."

"बरं. पाणी पितोस का रं? तांब्या आणलाय."

मी मागे वळून "नको" म्हणालो, तेवढ्यात बॉल माझ्या कानाजवळून जाळीत गेला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत स्वस्त गोल. पलटण नाचायला लागली आणि आप्पांनी विचारलं, "हे चांगलं झालं का वंगाळ?"

हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. आपला पोरगा काय करतोय ते त्यांना दिसायला लागलं होतं. एका दांडगट सोल्जरनं दोस्ताच्या पिंढरीवर बूट हाणला तेव्हा आप्पा गाठोडं टाकून मैदानात शिरायला निघाले. मी गोल सोडून त्यांना धरलं. हाफटाइमनंतर बाजू बदलली, तसे तेही गाठोडं उचलून माझ्या मागोमाग दुसऱ्या गोलाकडे आले. त्या अर्ध्यात दोस्तानं दोन गोल मारले. दुसऱ्याच्या वेळी त्यानं दोघांना असं चकवलं की ते एकमेकांवर आदळले. आप्पा उभे राहिले होते.

"डावा पाय बघितलास? उजवा खाली जायच्या आत वर येतोय. पावडीवर मी शिकवलंय त्ये," ते म्हणाले.

आम्ही जिंकलो. हेडक्लार्क खुशीत होते, सोमवारच्या गाडीनं चला म्हणाले. तोच आप्पा पुढे झाले, गाठोडं सोडलं आणि मैदानाकडेला मांडलेल्या टेबलावर लुगडं पसरलं. हिरवंगार, तांबड्या काठाचं. हेडक्लार्कनी हात फिरवला.

"वा! सुंदर आहे. कितीला द्याल?"

"इकायला न्हाय आणल्यालं, सायेब. पोराचं काम दावायला आणलंय."

हेडक्लार्क हसले. "अहो, त्यांना माग चालवायचाच नाही! हजेरीला सही करायची आणि खेळायचं. विणकर हे आपलं कागदावर. काहीतरी लिहावं लागतं ना!"

आप्पांनी आमच्याकडे पाहिलं. महिनाभर ज्या गोष्टीचा त्यांनी अभिमान धरला होता ती कागदावरची निघाली, आणि आम्हाला ते माहीत होतं, हेही त्यांना कळलं. त्यांनी लुगडं घडी घालायला घेतलं.

"मग न्हाय यायचा त्यो. काम न करता विणकराचा पगार खायाचा, ही रीत न्हाय आमच्यात."

मला ब्रह्मांड आठवलं. वडिलांसमोर दोस्त कधी तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी बोलला. "आप्पा, मला खेळायचं हाय. पन सकाळी माग चालवीन आनि दुपारी खेळीन. कुणी नको म्हणलं तरी चालवीन."

आप्पांनी घडीवरून हात फिरवला. "शपथ घे," म्हणाले. दोस्तानं लुगड्यावरच हात ठेवून शपथ घेतली. हेडक्लार्क आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिले. गिरणीत काम मागून घेणारा फुटबॉलवाला त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिला असावा.

तो मुंबईला गेला. सकाळी चार तास मागखात्यात, दुपारी मैदानावर. टीममधले गडी त्याला हसायचे. मी बेळगावात शाळामास्तर झालो. दर रविवारी आप्पा इंग्रजी पेपर घेऊन माझ्या खोलीवर यायचे, दोन पैसे मोडून खडेबाजारातून आणलेला.

"वाच. किती मारलं आज?"

एक मारला असला तर मी दोन सांगायचो. आप्पांना फुटबॉलचं असं वेड लागलं की ऑफसाइड म्हणजे काय ते गल्लीतल्या म्हाताऱ्यांना जमिनीवर खडे मांडून शिकवायचे. तीन वर्षं असं चाललं. मग पेपरात नाव दिसेना. दोस्ताच्या कार्डात "बरा आहे" एवढंच. आप्पा म्हणाले, "सुट्टी लागली न्हवं? जाऊन बघून ये जा."

मी गेलो. त्याचा गुडघा गेला होता. मैदानावर एका टकरीत निकामी झाला आणि टीममधून नाव कमी झालं. त्या गिरणीत टीममधून नाव गेलं की नोकरीही जायची. गुडघ्या-घोट्यापायी असेच आणखी दोघे महिन्याभरात गावी परतले होते. हा मात्र टिकला. मागखात्याचा मुकादम म्हणाला, हा गेला तर माझे माग कोण चालवील? एरवी नुसता खेळत राहिला असता तर तोही बेळगावच्या गाडीत बसला असता. आवाजानं कान फुटतील अशा त्या खात्यात तो लंगडत दोन मागांमधून फिरत होता, मला बघून हात हलवत होता. आप्पांबद्दल असं काही वाटलं की परतीच्या गाडीत मी वाक्यं जुळवत आलो. तुमच्या शपथेनं पोराची भाकरी राखली, असं म्हणणार होतो.

शहापुरात गेलो तेव्हा आप्पा खड्ड्यात बसले होते. पावड्या थांबल्या.

"खेळतोय न्हवं?"

"न्हाय, आप्पा. गुडघा दुखावला. आता माग चालवतोय. दिवसभर. दोन माग एकटा बघतोय. तुमी शपथ घातली म्हणून तर नोकरी ऱ्हायली त्येची."

आक्का आतून ऐकत होती, तिनं देवाला हात जोडले. आप्पांनी हातातला धोटा मागावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"त्ये बरं झालं," ते म्हणाले. "पन लई ग्वाड खेळायचा रं. आनि मी एकदाच बघितला."